एमआरआयच्या संशोधनात नाव देताय? सहीच्या आधीपासून दुसऱ्या स्कॅनपर्यंत काय काय बघायचं

मिरजेच्या स्टेशनवर सकाळी उतरलेल्या गर्दीत दवाखान्याला आलेली माणसं लगेच ओळखू येतात. हातात कापडी पिशवी, पिशवीत जुन्या फिल्म आणि केसपेपर, सोबत एक तरणा भाचा नाहीतर जावई. जत, कवठेमहांकाळ, आटपाडी, सीमेपलीकडचं अथणी, चिकोडी, सगळीकडून लोक इथं येतात. कॅनडातून आलेल्या डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथं रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. रुग्ण एवढे येतात म्हटल्यावर संशोधनही इथं होणारच.

संशोधनाची समन्वयक म्हणून मी याच भागात काम करते. ‘एमआरआयचा एक अभ्यास चालू आहे, तुम्ही भाग घ्याल का?’ हा प्रश्न मी शेकडो जणांना विचारला असेल. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर बहुतेकदा भीती असते, नाहीतर डॉक्टरांवरचा आंधळा विश्वास. या दोन्हींच्या मधली वाट दाखवायची म्हणून हे लिहितेय. समजून ‘हो’ म्हटलेला माणूस मशीनमध्ये शांत पडतो आणि त्याचं चित्र स्वच्छ येतं, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की संमतीपत्र म्हणजे निव्वळ कागदोपत्री सोपस्कार हे म्हणणं मला कधीच पटत नाही.

आधी विचारा: हा स्कॅन कुणासाठी?

पहिला प्रश्न हाच. उपचाराचा एमआरआय तुमच्यासाठी असतो. गुडघा का दुखतोय, झटका कुठं आला, गाठ किती मोठी, याचं उत्तर डॉक्टरांना हवं असतं. संशोधनाचा एमआरआय एका प्रश्नासाठी असतो आणि त्याचं उत्तर पुढच्या रुग्णांच्या कामी येतं. तुम्हाला त्यातून काही मिळेलच असं नाही. दोन्हीला मशीन एकच, खोली एकच, टेक्निशियनही तोच, म्हणून गोंधळ होतो. ‘माझी तपासणी फुकटात झाली’ असं समजून घरी गेलेला माणूस महिन्यानं रिपोर्ट मागायला येतो, तेव्हा त्याला समजावणं फार जड जातं.

अभ्यासही निरनिराळे असतात. एखाद्यात चित्र काढायची नवी पद्धत जुन्या पद्धतीशी ताडून बघतात. एखाद्यात औषधाची चाचणी चालू असते आणि औषध लागू पडतंय का ते एमआरआयवर मोजतात. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदूतल्या आणि मणक्यातल्या नसांचं आवरण खराब करणारा आजार, त्याच्या औषधांच्या चाचण्यांत मेंदूत नवे डाग किती पडले ते असंच मोजलं जातं. काही अभ्यासांना धडधाकट माणसंही लागतात, कारण निरोगी मेंदू किंवा यकृत कसं दिसतं हे माहीत असल्याशिवाय आजार ओळखायचा कशाच्या जोरावर? आणि काही अभ्यास फक्त आधी काढून ठेवलेल्या चित्रांवर होतात. त्यात तुम्हाला पुन्हा यावंही लागत नाही.

हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारलं की मी १९७७ सालची गोष्ट सांगते. चुंबकाच्या मदतीनं चित्र कसं काढता येईल हे पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये दाखवलं होतं. पुढं ३ जुलै १९७७ रोजी ब्रुकलिनमध्ये रेमंड डमाडियन यांनी माणसाच्या छातीचं पहिलं चित्र घेतलं. आधी ते स्वतः मशीनमध्ये बसले, पण काही दिसेना. मग अंगानं सडपातळ असलेला त्यांचा सहकारी आत बसला. जवळजवळ पाच तास! आज गुडघ्याचा स्कॅन अर्ध्या तासात उरकतो. अर्धांगाचा झटका आल्यावर ‘डिफ्युजन’ नावाच्या तपासणीत मेंदूचा कुठला भाग मार खातोय ते काही मिनिटांत कळतं, साध्या सीटीवर काही दिसायच्या आधी. यातली प्रत्येक गोष्ट ठरताना कुणीतरी अनोळखी माणूस त्या नळीत न हलता पडून राहिला होता.

कागद घरी न्या

तुम्हाला दोन कागद मिळतील, माहितीपत्रक आणि संमतीपत्र. ते तुमच्या भाषेत हवेत. आपल्याकडं मराठी असतंच, पण अथणीकडच्या माणसाला कन्नडमधला कागद मागायचा पूर्ण हक्क आहे. वाचता येत नसेल तर अभ्यासाशी संबंध नसलेला एक त्रयस्थ साक्षीदार समोर बसवून सगळं वाचून दाखवावं लागतं. सही झाली की एक प्रत तुमची.

घाई करू नका. एके ठिकाणी, नाव सांगत नाही, मी बघितलं होतं की रुग्ण टेबलावर झोपलाय, डोक्यावर कॉइल, म्हणजे चित्र टिपायची पिंजऱ्यासारखी चौकट, चढलीय आणि तेवढ्यात कागद पुढं आला, ‘इथं सही करा’. तो माणूस नाही म्हणणार कसा? तुमच्यावर अशी वेळ आली तर सरळ सांगा, ‘आज राहू द्या, वाचून सांगतो.’ त्यानं तुमच्या उपचारात तसूभरही फरक पडता कामा नये, आणि हे वाक्य त्या कागदातच लिहिलेलं असतं. शोधून वाचा.

आमच्या एका अभ्यासात कडेगावकडचे एक आण्णा आले होते. मी वाचायला सुरुवात केली तर म्हणाले, ‘पोरी, मला काय कळतंय त्यातलं? डॉक्टर म्हणतील तिथं अंगठा देतो.’ मी कागद मिटला आणि विचारलं, ‘आण्णा, बैल बाजारात घेताना असाच घेता का?’ ते हसले आणि सरसावून बसले. त्यानंतर त्यांनी जे प्रश्न विचारले तेच तुम्हीही विचारावेत असं मला वाटतं. किती वेळा यायचं? एकूण किती स्कॅन? सुई टोचणार का? माझी मजुरी बुडाली तर? मधेच सोडलं तर ओरडणार का? आणि आत माझ्या मेंदूत दुसरंच काही सापडलं, तर मला सांगणार का?

मजुरीचं आणि गाडीभाड्याचं उत्तर असं, की हे पैसे भरून देता येतात आणि ती रक्कम एथिक्स कमिटीनं, म्हणजे अभ्यासात माणसांची सुरक्षा आणि हक्क जपले जातायत का ते बघणाऱ्या समितीनं, आधीच मंजूर केलेली असते. निव्वळ अभ्यासासाठी जो स्कॅन होतो त्याचे पैसे तुमच्याकडून घ्यायचे नसतात. मधेच सोडायचं तर कारणही सांगावं लागत नाही. अभ्यासामुळं इजा झाली तर नुकसानभरपाई आणि मोफत उपचार यांचे नियमही आहेत. औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नियम आहेत, आणि माणसांवरच्या सगळ्याच संशोधनासाठी आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत.

एथिक्स कमिटी हा शब्द कागदावर दिसेल. ती डॉक्टरांचीच बैठक असते असं लोकांना वाटतं. तसं नसतं. तिचा अध्यक्ष त्या संस्थेबाहेरचा असावा लागतो. कायदा जाणणारी व्यक्ती आणि वैद्यक न शिकलेला एक साधा नागरिक तिच्यात असावाच लागतो. तिच्या सचिवांचा फोन नंबर माहितीपत्रकावर छापलेला असतो. तो शोभेसाठी नाही, लावा. औषधाची किंवा उपचाराची चाचणी असेल तर सीटीआरआय नोंदणी क्रमांकही विचारा. ही अशा चाचण्यांची देशाची सरकारी नोंदवही २००७ पासून आहे आणि कुणीही इंटरनेटवर ती उघडून बघू शकतं. घरातल्या कॉलेजच्या पोराला सांगितलंत तर पाच मिनिटांचं काम.

धातू: इथं एकही गोष्ट लपवायची नाही

आता सगळ्यांत महत्त्वाचं. एमआरआयमध्ये एक्स-रे किंवा सीटीसारखे किरण नसतात. धोका असतो तो चुंबकाचा. चुंबकाची ताकद टेस्लात मोजतात. साधं १.५ टेस्लाचं मशीन म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट ताकद, ३ टेस्लाचं त्याच्या दुप्पट. आणि हे चुंबक कधी बंद नसतं. आतल्या तारा उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडालेल्या असतात आणि त्यांतून वीज विनाअडथळा फिरत राहते. लाईट गेली, मशीनचा आवाज थांबला, स्कॅन संपला, तरी चुंबक चालूच. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेल्या एका नातेवाइकाचा जीव गेला. म्हणून सोबत आलेल्या माणसालाही रुग्णाइतकेच प्रश्न विचारले जातात. त्यांनी चिडू नये.

तुमच्यापुढं प्रश्नांचा एक तक्ता येईल. पेसमेकर, म्हणजे हृदयाचे ठोके सांभाळायला छातीत बसवलेलं यंत्र, आहे का? मेंदूच्या रक्तवाहिनीवर क्लिप बसवलीय का? कानात कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू यायला ऑपरेशन करून बसवलेलं यंत्र, अंगावर इन्सुलिनचा पंप किंवा साखर मोजायचा सेन्सर? हाडात रॉड, प्लेट, गुडघा बदललेला, हृदयात स्टेंट? शेवटच्या गटातल्या बहुतेक गोष्टी आजकाल चालतात, पण बहुतेक म्हणजे सगळ्या नव्हेत. ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड घेऊन या. ‘बारा वर्षांपूर्वी पायात काहीतरी घातलंय’ एवढ्यावर कुणीही शहाणा टेक्निशियन तुम्हाला आत घेणार नाही, आणि घेतलं नाही तर त्यानं तुमचं भलंच केलं असं समजा.

एका प्रश्नाकडं सांगलीच्या माणसानं खास लक्ष द्यावं: डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का? कुपवाडच्या आणि मिरजेच्या एमआयडीसीत, फाउंड्रीत, लेथवर, ग्राइंडरवर काम केलेले किती जण आपल्यात आहेत! एक टर्नर आमच्याकडं आले होते. तक्त्यावर सगळीकडं ‘नाही’ लिहून दिलं. मी सहज विचारलं, काका, काम कुठं करत होता? ‘ग्राइंडिंगला, सतरा वर्षं.’ मग डोळ्यात कधी काही? ‘ते तर रोजचंच हो. एकदा डॉक्टरनी काढला होता, एक राहिला असंल.’ राहिलेला तो कण चुंबकानं हलवला तर डोळ्याच्या आत इजा होते. आधी डोळ्यांचा एक्स-रे काढला. डाव्या खोबणीत तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका दिसला. त्यांचं नाव आम्ही अभ्यासातून काढलं. ते नाराज झाले, पण त्यांची दृष्टी शाबूत राहिली याचं समाधान मला आजही आहे.

मग अंगावरच्या वस्तू. यात आपल्या बायकांचा वेळ सगळ्यांत जास्त जातो. मंगळसूत्र, बांगड्या, नथ, कानातली कुडी, केसातले आकडे, पदराची सेफ्टी पिन, ब्लाउजचे हूक. जोडवी हा तर वेगळाच अध्याय. एक मावशी म्हणाल्या, ‘लग्नापासनं काढलीच न्हाईत गं कधी.’ बोट सुजून जोडवं आत रुतलेलं. वॉर्डातल्या सिस्टरनी साबणाचं पाणी आणलं, मावशींनी डोळे मिटले, आणि दहा मिनिटं हळूहळू फिरवत एकेक जोडवं निघालं. बोटावर पांढरी खूण उमटली होती. मावशींनी जोडवी रुमालात बांधून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, ‘संपेस्तोवर तूच धर.’ मी धरून बसले. तुमचीही अशी अडचण असेल तर आदल्या रात्रीच घरी तेल लावून काढून ठेवा, टेबलाजवळ धांदल होत नाही.

पुरुषांनी करगोट्यातला ताईत, गळ्यातली साखळी, पट्ट्याचं बक्कल, खिशातली गाडीची चावी आणि मोबाइल आठवणीनं काढावं. एटीएम कार्डाची पट्टी पुसली जाते. जरीची साडी नेसून येऊ नका, कारण जरीत धातूची तार असू शकते. दुखण्यासाठी अंगावर लावलेल्या औषधी पट्टीच्या मागं कधी कधी धातूचा पातळ पत्रा असतो, ती तापून कातडी भाजू शकते. कवळी काढा, कानाचं यंत्र काढा. तिथं देतील तेच कपडे घाला.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. आत झोपल्यावर हात छातीवर जोडू नका, पायावर पाय टाकू नका. आपली जुनी माणसं देवाचं नाव घेत हात जोडून पडतात. त्यांचा भाव मला कळतो, पण कातडीला कातडी टेकून अंगाचं असं कडं तयार झालं की मशीन चित्रासाठी सोडतं त्या रेडिओलहरींनी त्यात वीज फिरते आणि टेकल्या जागी भाजू शकतं. हात दोन्ही बाजूंना, मध्ये कापड. नाव मनात घ्या.

सुई टोचणार असतील तर

काही स्कॅनमध्ये गॅडोलिनियम नावाच्या धातूपासून केलेलं औषध शिरेतून देतात, म्हणजे गाठ किंवा सूज उठून दिसते. मूत्रपिंड फार कमजोर असलेल्यांत यातल्या काही जुन्या औषधांमुळं कातडी आणि आतले अवयव कडक होण्याचा गंभीर आजार होतो, हे २००६ मध्ये लक्षात आलं. तेव्हापासून आधी मूत्रपिंडाची चौकशी होते, गरज पडल्यास रक्तातलं क्रिएटिनिन बघतात, त्यावरून मूत्रपिंड कसं काम करतंय ते कळतं. डायलिसिस, मधुमेहानं मूत्रपिंडावर झालेला परिणाम, आधीची ॲलर्जी, दिवस गेले असण्याची शक्यता, हे सगळं न लाजता सांगा. पाळी चुकलीय का हे सासूसमोर सांगायला अवघड वाटत असेल तर सिस्टरला बाजूला घेऊन सांगा. या औषधाचा थोडा अंश शरीरात मागं राहतो हेही आता माहीत झालंय. म्हणून औषध उपचाराच्या गरजेपोटी देतायत की फक्त अभ्यासापुरतं, हे वेगळं विचारा. फक्त अभ्यासापुरतं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: पटलं तरच हो म्हणा.

स्कॅनच्या दिवशी

पोटाचा स्कॅन नसेल तर सहसा खाऊन येता येतं, तुमच्या बाबतीत काय ते आधी विचारून घ्या. आत जायच्या आधी लघवीला जाऊन या. खोकला झाला असेल तर तारीख पुढं ढकलून मागा, कुणी रागावणार नाही, कारण दर मिनिटाला खोकणाऱ्या माणसाचं चित्र कुणाच्याच उपयोगाचं नसतं.

नळीची रुंदी साठ ते सत्तर सेंटीमीटर. हातात एक रबरी फुगा देतात, तो दाबला की टेक्निशियन लगेच बोलतो. आत जायच्या आधी तो एकदा दाबून बघा. मदत हाताशी आहे हे हाताला कळलं की मनाला धीर येतो. डोळे नळीत जायच्या आधीच मिटा, आत गेल्यावर नव्हे. आवाज मोठा असतो. मुख्य चुंबकाच्या आत तारांची वेगळी वेटोळी असतात, त्यांत वीज झपाझप चालू-बंद होते आणि ती थरथरतात, त्याची ती ठकठक आणि घरघर. पत्र्याच्या शेडवर कुणी हातोडे मारतंय असं वाटतं. कानात बोळे आणि वर हेडफोन मागून घ्याच. आवाज मधेच थांबला म्हणजे मशीन बिघडलं असं नाही, पुढच्या चित्राची तयारी चालू असते. तेव्हाही हलायचं नाही, कारण सगळी चित्रं एकमेकांवर बसवून बघतात.

संशोधनात हे न हलणं उपचारापेक्षाही जास्त मोलाचं असतं. आज मोजलेली गाठ सहा महिन्यांनी पुन्हा मोजायची असते, फरक दोन-तीन मिलिमीटरचा असू शकतो, आणि तुमची मान तेवढीच हलली तर सगळं मोजमाप फुकट. यकृताच्या किंवा हृदयाच्या स्कॅनमध्ये पंधरा-वीस सेकंद श्वास रोखायला सांगतात. आदल्या दिवशी घरी खाटेवर पडून सराव करा: श्वास सोडायचा, थांबायचा, मनात आकडे मोजायचे. आमचे ते आण्णा घरी नातवाला घड्याळ धरायला लावून सराव करून आले होते. त्यांची चित्रं अख्ख्या अभ्यासात सर्वांत स्वच्छ निघाली.

बाहेर आल्यावर

तुमची चित्रं अभ्यासाकडं जाताना नाव काढून क्रमांक लावून जातात. डोक्याच्या स्कॅनवरून चेहराही पुन्हा उभा करता येतो, म्हणून काही अभ्यासांत चित्रातला चेहऱ्याचा भाग पुसून टाकतात. तुमच्या अभ्यासात तसं करणार का, हे विचारायला हरकत नाही.

अचानक सापडलेल्या गोष्टीचं मात्र आधीच ठरवून ठेवा. धडधाकट वाटणाऱ्या माणसातही कधी एखादी गाठ, कधी रक्तवाहिनीला आलेला फुगवटा दिसून जातो. पुष्कळदा तो निरुपद्रवी असतो, कधी नसतो. असं दिसलं तर कोण सांगणार, किती दिवसांत, पुढची तपासणी कुठं, खर्च कुणाचा, हे माहितीपत्रकात असायला हवं. नसेल तर सहीआधी लिहून घ्या. आणि काही कळवलं नाही म्हणजे सगळं ठीक आहे असा अर्थ काढू नका. संशोधनाच्या चित्रांत सगळं शरीर तपासलेलं नसतं. दुखणं असेल तर नेहमीच्या डॉक्टरांकडं जा.

दुसऱ्या फेरीची तारीख घेताना शेतीचा विचार करून घ्या. ऊसतोड चालू असताना, द्राक्षाची छाटणी नाहीतर फवारणी असताना माणूस येऊ शकत नाही, हे मला माहीत आहे. अभ्यासाला तारखेच्या मागंपुढं थोडे दिवस चालतात, ते किती ते विचारून कॅलेंडरवर खूण करून ठेवा. फोन नंबर बदलला तर कळवा.

आणि दुसऱ्यांदा आलात की धातूचा तो तक्ता पुन्हा पहिल्यापासून भरायचा. ‘मागच्या वेळी सांगितलंय की’ हे आम्ही ऐकत नाही. एक आजी सहा महिन्यांनी आल्या, सगळी उत्तरं मागच्यासारखीच. शेवटी म्हणाल्या, ‘मधी जरा चक्कर येत हुती, कोल्हापुरात छातीत मशीन बसवलंय, पण आता बरं हाय.’ मी त्यांना दाराच्या अलीकडंच खुर्चीवर बसवलं, चहा मागवला आणि त्यांच्या लेकाला पेसमेकरचं कार्ड आणायला घरी पाठवलं.